डावीकडचा बुश

लहानपणी बाबांच्या कामात माझी नेमणूक ठरलेली असायची. टॉर्च धरायचा. बाबा गाडीखाली, चुलतभाऊ शेजारी पाने द्यायला, आणि मी बाहेर उकिडवी बसून आत उजेड पाडायला. दोन मिनिटांत माझं लक्ष कावळ्याकडे नाहीतर शेजारच्यांच्या मांजराकडे जायचं आणि खालून आवाज यायचा, "काय गो, उजेड कोणाला दाखवतेस?" तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी कधी ना कधी बापासाठी टॉर्च धरला असेल. त्याचं मला वाईट वाटायचं असं नाही. पाना कधी माझ्या हातात आला नाही, एवढंच.

२०२४ च्या मे महिन्यात रत्नागिरीतल्या आमच्या घरासमोर, फणसाच्या झाडाखाली, मी गाडीखाली होते आणि टॉर्च बाबांच्या हातात होता. उजेड बोल्टवर ठरत नव्हता. वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच टॉर्च मडगार्डच्या कडेला टेकवला. मग उजेड स्थिर झाला.

गाडी १९९९ ची मारुती ८००. पांढरी, आता सायीच्या रंगाची. बाबा एस.टी.च्या डेपोत फिटर होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसगाड्या दुरुस्त केल्यावर त्यांनी घेतलेली ही पहिली आणि शेवटची गाडी, तीही सेकंडहँड. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. ते वर्ष यंदा होतं. बाबांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं, "ब्रेक मारला की डावीकडे ओढते. खड्ड्यात आवाज करते. बघायला पाहिजे." बघायला पाहिजे म्हणजे तू ये, हे मला पुण्यात बसून कळलं. चार दिवसांची रजा टाकली.

बाबांना दीड वर्षापूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. तपासताना डॉक्टर त्यांचं मनगट हळूहळू वाकवून बघत होते आणि शिकाऊ डॉक्टरला सांगत होते, कॉगव्हील रिजिडिटी. मनगट सरळ वाकत नाही, दातेरी चाकासारखं अडखळत अडखळत वाकतं, म्हणून हे नाव. बाबांना बाकी काही कळलं नाही, पण कॉगव्हील कळलं. परत येताना रिक्षात म्हणाले, "म्हणजे दात झिजलेत." त्यानंतर या विषयावर ते स्वतःहून कधी बोलले नाहीत.

*

बुश म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. मी समजत होते की तो रबराचा साधा वॉशर असेल.

गाडीचं पुढचं चाक खालच्या बाजूने एका लोखंडी हाताने गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं. त्याला लोअर आर्म म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं की हा हात खाली जातो, उंचवट्यावर आलं की वर येतो. तो जिथे गाडीला जोडलेला असतो तिथे बुश असतो. एक जाड लोखंडी नळी, तिच्या आत दुसरी बारीक नळी, आणि दोन्हींच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो गाडीच्या ब्रॅकेटला आवळलेला असतो.

मजा अशी की यात काहीही फिरत नाही. मला वाटलं होतं की बिजागरीसारखं काहीतरी असेल. पण आतली नळी ब्रॅकेटमध्ये गच्च, बाहेरची नळी आर्ममध्ये गच्च. चाक वरखाली होताना फक्त मधलं रबर पिळलं जातं आणि सुटतं. रोज हजारो वेळा. रस्त्याचे धक्के तेच खातं. पंधरा-वीस वर्षांनी ते तडकतं, मग आर्म जागेवरून हलायला लागतो, ब्रेक मारला की चाक किंचित मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढली जाते.

रबर बदलणं अवघड नाही. अवघड असतं ते लोखंड. आमच्या घरापासून समुद्र दोन किलोमीटरवर. दाराच्या ग्रिलला एक वर्षाआड रंग द्यावा लागतो, सायकलची चेन एका पावसाळ्यात लाल होते. त्या हवेत एक बोल्ट एका नळीत पंचवीस वर्षं बसून होता. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापू शकतो. बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. गंज ती भरतो आणि भरल्यावरही फुगत राहतो. दोन वस्तूंची एक वस्तू होते. गॅरेजच्या भाषेत बुश जाम झाला.

पहिल्या दिवशी आम्ही गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोड्या लावल्या. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे बाबांनी तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा आईने.) चाक काढलं. तारेच्या ब्रशने बोल्ट घासला आणि त्यावर मी पुण्याहून आणलेला डब्ल्यूडी-४० मारला. बाबांनी डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मी फोनवर वाचलेलं सांगितलं, की हे १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला बनलं, अॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०.

"म्हणजे गंज लागू नये म्हणून," बाबा म्हणाले. "लागलेल्याचं काय?"

मग त्यांनी डिझेलमध्ये ऑइल मिसळून चिंधी भिजवली आणि बोल्टला गुंडाळली. "रात्रभर पिऊ दे त्याला."

*

त्या रात्री आई स्वयंपाकघरात आठळ्या सोलत बसली होती. बाबा झोपले होते. मला म्हणाली, "राहू दे ना ती गाडी तशीच."

मला वाटलं माझे हात काळे झालेत म्हणून म्हणतेय.

"तसं नाही. गाडी बंद पडली की प्रश्न मिटेल. तपासणीत नापास झाली तर बरंच. मला त्यांना सांगायला लागणार नाही की आता चालवू नका. तुलाही लागणार नाही." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मागच्या महिन्यात मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले. येताना एका पोराला वाचवायला ब्रेक मारला तर गाडी गटाराच्या कडेला. मला सांगितलं नाही. कोळणीने सांगितलं."

"पण गाडी बंद नाहीये, आई. खराब आहे. खराब गाडी घेऊन ते जाणारच."

"आणि चांगली केलीस तर जाणार नाहीत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्रेक ओढणारी गाडी तशीच ठेवणं म्हणजे अपघाताची वाट बघणं. ती नीट करणं म्हणजे हळू झालेल्या माणसाच्या हातात चावी देणं. तिसरा रस्ता बोलण्याचा होता. तो आम्हा दोघींपैकी कोणालाच नको होता. मी मनाशी ठरवलं, आधी बुश, मग बोलू. खरं सांगायचं तर बोल्ट सोडवणं मला सोपं वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "आधी आवळ."

"सोडवायचाय ना?"

"जाम बोल्ट आधी थोडा आवळायचा. गंजाची खपली तुटते. मग सोडवायचा. थेट उलटा जोर लावलास तर मुंडी मोडून हातात येईल."

पान्याला पाइप लावून जोर वाढवला. नट कुरकुरत सुटला. मला आनंद झाला. मग बोल्टच्या मुंडीला पाना लावला तर बोल्ट पाव फेरा फिरला आणि मी हात सैल सोडताच स्प्रिंगसारखा परत आला. पुन्हा केलं, पुन्हा परत.

"बघ," बाबा म्हणाले, "बोल्ट फिरत नाहीये. नळी घेऊन फिरतोय. तू रबर पिळतेयस."

मागून हातोडी मारली. बोल्ट ढिम्म. मग आच. बाजारातला छोटा गॅसचा टॉर्च आणून आर्मचा कान तापवला. बोल्टला आच द्यायची नाही, त्याच्या भोवतालच्या लोखंडाला द्यायची. लोखंड तापलं की भोक मोठं होतं. पण किती? मी हिशेब केला. ३० मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापवलं तर वाढतं सुमारे ०.१ मिलिमीटर. एवढ्यावर कधी कधी काम होतं. आमचं झालं नाही. रबर धुमसायला लागलं, काळा धूर निघाला, आणि आईने वाळत घातलेल्या चादरी ओढून आत नेल्या. बाबांनी टॉर्च बंद करायला लावला. पेट्रोलचा पाइप तिथून फार लांब नव्हता.

"मला दे," म्हणाले. हातोडी घेतली आणि उकिडवे बसले. बसायलाच वेळ लागला.

पार्किन्सन्सचा कंप हात मोकळा असताना जास्त असतो, कामात असताना बहुधा कमी होतो. त्यामुळे हातोडी धरल्यावर त्यांचा हात थरथरत नव्हता. तो हळू झाला होता. पहिला घाव ब्रॅकेटच्या कडेला लागला. दुसराही तिथेच. तिसरा बोल्टवर लागला, पण त्यात जोर नव्हता, कोणीतरी दार वाजवावं तसा. हा माणूस बसचे पाटे एका घावात सरळ करायचा, असं डेपोतले लोक अजून सांगतात. चौथ्यांदा हात उचलला, तसाच थांबवला, आणि हातोडी माझ्याकडे दिली.

"कापायला लागेल," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, अख्खा नवा आर्मच घेऊ, मिळतो बाजारात, फार महाग नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घरच विकायला काढलंय. "नवा आर्म लावायला जुना बोल्ट काढायला नको? तो काय तुझ्या पैशाला बघून निघणार आहे? आणि आर्म धडधाकट आहे. खराब बुश आहे. जे खराब आहे ते बदलायचं."

ब्रॅकेट आणि बुशची नळी यांच्यामधल्या बारीक सांध्यात हॅक्सॉचं ब्लेड जात होतं, फ्रेम जात नव्हती. ब्लेडच्या एका टोकाला कापड गुंडाळून नुसत्या हाताने कापायचं. एका बाजूला एक काप, दुसऱ्या बाजूला दुसरा, म्हणजे मधला तुकडा घेऊन आर्म खाली येईल. पहिल्या कापाला दोन तास लागले. तीन ब्लेडं मोडली. मी पाठीवर पडलेली, तोंडावर गंजाचा चुरा, आणि बाबा बाहेर स्टुलावर. घाई करू नकोस, लांब ओढ, ब्लेडचे सगळे दात वापर, मधल्याच चार दातांनी काय कापतेस. दर थोड्या वेळाने दोन थेंब ऑइल.

दुसऱ्या कापाच्या मध्यावर मी विचारलं, "तुम्ही मला कधी पाना का दिला नाहीत?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग म्हणाले, "तुझ्या आजीला आवडायचं नाही. आणि मलाही वाटायचं, हिने कशाला हात काळे करायचे. हे काम करून मी काय मिळवलं." थोडं थांबून, "चुकलंच ते. ब्लेड सरळ धर."

*

तिसऱ्या दिवशी आर्म बाकावर आला. वाइसमध्ये पकडून आधी ड्रिलने रबराला भोकं पाडली. एकाला एक लागून भोकं झाली की रबर सुटतं आणि आतली नळी बोल्टच्या तुकड्यासकट बाहेर येते. त्या तुकड्याला मी वाइसमध्ये धरून हातोडीने मारून बघितलं. इतकं होऊनही बोल्ट नळीतून निघाला नाही.

बाहेरची नळी आर्ममध्येच अडकलेली. तिच्यासाठी बाबांची युक्ती अशी. ब्लेड फ्रेममधून काढायचं, भोकातून आरपार घालायचं, पुन्हा फ्रेमला जोडायचं, आणि नळीला आतून एक उभी चीर पाडायची. नळी कापली गेली पाहिजे, पण आर्मच्या भोकाला दात लागता कामा नयेत. नळीची जाडी फार नाही. कुठे थांबायचं हे दिसत नाही.

"ऐक," ते म्हणाले. "नळी संपत आली की आवाज बदलतो. आणि दोन्हींच्या मध्ये गंजाची रेघ आहे, ती चुऱ्यात दिसेल. चुरा करडा आहे तोवर काप. तांबडा झाला की थांब."

चुरा तांबडा झाल्यावर मी दोन घास जास्तच मारले. पोटात गोळा आला. बाबांनी आर्म उजेडात धरून खाचेतून नख फिरवलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, दहावीच्या निकालाला बघितलं होतं तसं.

"एवढं चालतं," म्हणाले.

चिरेच्या कडेला बारीक छिन्नी लावून एक घाव घातला, नळी आत दुमडली, आणि पंचवीस वर्षं न हललेली ती वस्तू टणकन फरशीवर पडली. आई आतून धावत आली. तिला वाटलं कोणाला तरी लागलं.

नवा बुश मी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवला होता, बांगड्यांच्या शेजारी. थंड झाला की किंचित आकसतो, हे मी व्हिडिओत बघितलं होतं. बाबा हसले, पण नको म्हणाले नाहीत. भोक पॉलिश पेपरने घासलं, ग्रीसचं बोट फिरवलं. वाइसच्या एका जबड्याला मोठी गोटी, दुसऱ्याला पट्टी. दाब फक्त बाहेरच्या नळीवर यायला हवा, आतल्या नळीवर आला तर नवं रबर तिथेच फाटेल. बुश सरळ धरून ठेवायचं काम माझं, आणि वाइसचा दांडा बाबांनी फिरवला. हळूहळू, पाव-पाव फेरा. या कामाला घाई नकोच होती. त्यांचा वेग या कामाला बरोबर होता. बुश शेवटपर्यंत सरळ गेला.

*

चौथ्या दिवशी आर्म चढवला, नवा बोल्ट घातला आणि मी पाना लावून आवळायला घेतला.

"थांब," बाबा जवळजवळ ओरडलेच. "चाक हवेत लोंबतंय. आत्ता आवळलास तर रबर याच जागेवर पक्कं होईल. मग गाडी खाली ठेवलीस की ते पिळलेलंच राहणार, उभ्या गाडीतसुद्धा. सहा महिन्यांत फाटेल. वजन येऊ दे त्याच्यावर. मग आवळ."

बोल्ट हाताने लावला, चाक बसवलं, गाडी घोड्यांवरून उतरवली. जाड फळ्या टाकून गाडी त्यांच्यावर ढकलत चढवली, म्हणजे वजन चाकांवरच राहील आणि खाली हात घालायला जागा मिळेल. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडं लावली. बाबांनी बॉनेट चार वेळा दाबून सोडलं, गाडी आपल्या उंचीवर बसली. मग मी शेवटचा पाना मारला. टॉर्च त्यांनी धरला होता, मडगार्डला टेकवून.

भाट्याच्या पुलापर्यंत गेलो. मी चालवत होते, बाबा डावीकडे, काच खाली करून कान बाहेर. खड्डे मी चुकवत होते तर म्हणाले, "चुकवू नकोस, घाल." घातली. आवाज नाही. रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली. "अलाइनमेंट करून घ्यायला लागेल," एवढंच बोलले, पण समुद्राकडे बघून बराच वेळ मान हलवत होते.

परत येताना मी विचारलं. चार दिवस टाळलेलं, तिसऱ्या गिअरमध्ये. "बाबा, गाडी आता कोण चालवणार?"

"मग केली कशाला?"

"ब्रेक ओढत होता म्हणून केली. तुमचा पाय ब्रेकवर वेळेत जातो की नाही, ते बुश बदलून होणार नाही."

घर येईपर्यंत ते बोलले नाहीत. गाडी फणसाखाली लावल्यावर उतरले, चावी माझ्या हातातून घेतली आणि खिळ्याला अडकवली. खिशात घातली नाही. एवढ्यावर मला रात्रीची बस पकडावी लागली. आईचा चेहरा मी निघताना बघितला नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत ते दोनदा गाडी घेऊन गेले. आईने मला दोन्ही वेळा फोन केला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. गाडी खराब असती तरी गेले असते, हे मी स्वतःला सांगत राहिले. ते खरंही आहे, आणि त्याने झोप लागत नाही, हेही.

मग एका रविवारी बाबांचाच फोन आला. पाऊस सुरू झाला होता. म्हणाले, मारुती मंदिराच्या सर्कलला रिक्षा आडवी आली, ब्रेक मारला, गाडी सरळ थांबली. "पण उशिरा थांबली. गाडीचा दोष नव्हता." मागे पत्र्यावर पावसाचा आवाज येत होता. "चावी तुझ्या आईकडे दिलीय. ती कुठे ठेवते मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही."

मी काहीतरी बोलायला गेले, पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

"तू दिवाळीला येशील ना? बुश नेहमी जोडीने बदलतात. आपण डावीकडचाच केलाय. उजवीकडचा राहिलाय." आणि जरा थांबून, "ब्लेडं तिकडून घेऊन ये. इकडची मोडतात."